आजोबांच्या ट्रंकेत जुना सुरा सापडला? घासू नका, म्यान तर अजिबात फेकू नका!

समजा, जठारपेठेतलं तुमचं जुनं घर फ्लॅट स्कीमला दिलंय. बिल्डरने ताबा मागितलाय, दोन दिवसांत घर रिकामं करायचंय. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली येते. आत जुन्या रजया, पितळी डबे, तांबूस पडलेली कागदपत्रं आणि सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेला एक लांब सुरा. मूठ शिंगाची, पात्यावर गंज, सोबत एक फाटकं चामडी म्यान.

पुढे काय होतं ते जवळपास ठरलेलं असतं. म्यान कुजकं दिसतं म्हणून कचऱ्यात जातं. सुरा कुणीतरी सँडपेपरने घासून चकचकीत करतो. घरातला एखादा म्हणतो, ‘पोलिसांची भानगड नको, देऊन टाका भंगारात.’ दुसरा मोबाइलवर फोटो काढून विकायला टाकतो. या चारही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिल्या दोन वस्तूचं नुकसान करतात, तिसरी इतिहासाचं आणि चौथी तुम्हालाच अडचणीत आणू शकते.

जुने शिकारी सुरे, कट्यारी, खंजीर त्यांच्या मूळ म्यानासह जमवणं हा जगभर गंभीरपणे केला जाणारा छंद आहे. आपल्याकडे अशा वस्तू छंद म्हणून कमी आणि वारसा म्हणून जास्त सापडतात. म्हणून हा विषय संग्राहकांपुरता नाही, माळा आवरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

बोवी सुरा म्हणजे काय?

शिकारी सुऱ्यांच्या जगात सगळ्यात गाजलेलं नाव ‘बोवी नाइफ’. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी १९ सप्टेंबर १८२७ रोजी एका द्वंद्वयुद्धानंतर मोठी मारामारी झाली. तीत जिम बोवी या माणसाने गोळ्या आणि वार झेलूनही आपल्या मोठ्या सुऱ्याने प्रतिस्पर्ध्याला ठार केलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली आणि ‘बोवीसारखा सुरा’ मागायला लोक लोहारांकडे जाऊ लागले. बोवी स्वतः ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारला गेला, पण सुरा चालूच राहिला.

गंमत अशी की या अस्सल अमेरिकन सुऱ्याचं मोठं उत्पादन इंग्लंडमध्ये झालं. शेफील्ड हे तिथलं पोलादाचं शहर. जोसेफ रॉजर्स, जॉर्ज वोस्टनहोम अशा तिथल्या कारखानदारांनी अमेरिकेसाठी हे सुरे बनवून जहाजं भरून पाठवले. वोस्टनहोमचा ‘आय एक्स एल’ हा शिक्का आजही संग्राहक भिंगाने शोधतात.

शेफील्डच्या अनेक सुऱ्यांचं म्यान मात्र तकलादू असायचं. जाड पुठ्ठा, त्यावर पातळ रंगीत चामडं, तोंडाला आणि टोकाला पांढऱ्या धातूची पट्टी. सुरा दीडशे वर्षं टिकला, पुठ्ठा ओलाव्याने गेला. त्यामुळे मूळ म्यानासह मिळालेला बोवी सुरा दुर्मिळ, आणि संग्राहकांच्या लेखी एकट्या सुऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचा. आपल्या कट्यारींचं आणि तलवारींचंही तसंच आहे.

वऱ्हाडाचा याच्याशी संबंध काय?

आपला बोवी शेफील्डला नाही, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला सापडतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ‘बोधराज’ या कारागिराच्या नावाचे शिकारी सुरे आणि रानडुकराच्या शिकारीचे भाले इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये प्रसिद्ध होते. पात्यावर रोमन लिपीत कारागिराचं नाव आणि गावाचं नाव ठोकलेलं असायचं. दक्षिणेत तमिळनाडूतल्या सेलमच्या अरुणाचलम यांचं नाव असंच गाजलं होतं. देशी कारागीर स्वतःचं नाव इंग्रजी अक्षरांत पात्यावर ठोकतोय, म्हणजे गिऱ्हाईक कोण होतं ते वेगळं सांगायला नको.

हे गिऱ्हाईक वऱ्हाडातही होतं. निजामाच्या पैशावर आणि इंग्रजांच्या हुकमतीत चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूर इथे होत्या. या फौजेचा खर्च भागवण्यासाठीच १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. छावणी परतवाड्याला आणि वर मेळघाटचं जंगल. शिकारीला आणखी काय हवं? साहेब शिकारीला जायचा तेव्हा सोबत स्थानिक शिकारी, हाकेवाले, पाटील, देशमुख असायचे. भेट म्हणून, बक्षीस म्हणून किंवा बदली होताना मागे राहिलेलं सामान म्हणून अशा वस्तू गावातल्या घरांत शिरल्या.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो काळ संपवला. १९७३-७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झालं. सुरे मात्र ट्रंकांमध्येच राहिले.

त्याआधीचा थर मराठेशाहीचा आणि निजामशाहीचा. नागपूरकर भोसले आणि निजाम यांच्या दुअमलीत वऱ्हाड वर्षानुवर्षं होता. २९ नोव्हेंबर १८०३ ची आडगावची लढाई आजच्या अकोला जिल्ह्यातच झाली आणि त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला. अशा प्रदेशात घरोघरी शस्त्रं असणार हे उघड आहे. पुढे १८५७ नंतरची निःशस्त्रीकरणाची मोहीम आणि १८७८ चा शस्त्र कायदा आला. बरीच हत्यारं जप्त झाली किंवा मोडली गेली, काही देव्हाऱ्यात गेली आणि काही माळ्यावर.

घरात सापडलेलं हत्यार नेमकं कोणतं?

सगळ्याला ‘तलवार’ म्हणायची आपल्याला सवय आहे. नाव नीट कळलं तर पुढचं काम सोपं होतं.

कट्यार ओळखायला सगळ्यात सोपी. तिची मूठ पात्याच्या रेषेत नसते. दोन समांतर दांड्या आणि त्यांना जोडणारे आडवे गज असतात. मुठीत धरली की पातं थेट पंजाच्या पुढे येतं, म्हणजे ठोसा मारावा तसा वार. बिचवा नागमोडी किंवा दुहेरी वाकलेल्या पात्याचा, विंचवाच्या नांगीसारखा. जंबिया वाकडा, दोन्हीकडे धार आणि मधोमध उठावदार कणा. पेशकब्जचं पातं मुठीजवळ रुंद आणि टोकाकडे एकदम निमुळतं, पाठ जाड. ते चिलखताच्या कड्यांमधून घुसवायचं हत्यार. कुकरी सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्या म्यानाच्या मागच्या कप्प्यात दोन छोटी पाती असतात हे अनेकांना माहीत नसतं. एक छोटी सुरी आणि एक बोथट, जिच्यावर धार लावायची किंवा गारगोटीने ठिणगी पाडायची. ही दोन हरवली की कुकरीची जोडी मोडली.

शिकारी सुरा यांच्यापेक्षा साधा दिसतो. एकाच बाजूला धार, जाड पाठ, शिंगाची किंवा लाकडाची मूठ. बोवी पद्धतीचा असेल तर टोकाजवळ पाठीवरून आतल्या बाजूला एक वळणदार छाट घेतलेला असतो. त्यामुळे टोक अणकुचीदार होतं आणि मागूनही कापता येतं.

पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी दिसली तर थांबा. हे मुशीत वितळवून बनवलेलं जुनं भारतीय पोलाद असू शकतं. लोखंडात कार्बनचं प्रमाण जास्त ठेवून, अगदी सावकाश थंड करून आणि नंतर कमी तापमानावर ठोकून ते बनवायचे. त्यातले कठीण कण रांगेत बसतात आणि नक्षी तयार होते. उर्दूत या नक्षीला ‘जौहर’ म्हणतात. यासाठी नावाजलेलं कोनासमुद्रम हे गाव तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात आहे, म्हणजे विदर्भाच्या सीमेपासून फार लांब नाही. ही नक्षी वरवर रंगवलेली नसते, धातूतच असते. तरी गंजाखाली ती दिसेनाशी होते आणि सँडपेपर मारला की वरचा थर निघून जातो. नक्षी बघायची म्हणून घरच्या घरी लिंबू किंवा ॲसिड लावून बघणं हा तर पात्याशी खेळ आहे.

म्यानाला एवढं महत्त्व का?

पातं मापात तयार होतं, म्यान मात्र पात्यावरून तयार होतं. कारागीर लाकडाच्या दोन पातळ फळ्या घ्यायचा. पात्याचा आकार दोन्हींत अर्धा अर्धा कोरायचा, सरसाने चिकटवायचा आणि वरून चामडं किंवा मखमल ताणून मागच्या बाजूने शिवायचा. तोंडाशी धातूची मोहनाळ, टोकाला तहनाळ. आतली पोकळी इतकी बेताची की पातं तोंडाशी घट्ट बसलं पाहिजे, पण धार लाकडाला सतत घासता कामा नये. हे काम प्रत्येक पात्यासाठी वेगळं. म्हणून म्यान म्हणजे त्या एकाच हत्याराचा साचा.

साहजिकच, म्यान मूळ आहे की नंतर जोडलेलं, हे ओळखता येतं. पातं आत घातल्यावर शेवटच्या दोन-तीन इंचांत अडलं किंवा खूप रिकामी जागा राहिली तर शंका घ्या. वाकाची रेषा म्यानाशी जुळते का ते बघा. पात्यावरचे लांबट ओरखडे आणि म्यानाच्या तोंडाची झीज एकाच जागी येतात का? म्यानाच्या चामड्यावर गंजाचा डाग असेल तर पात्यावर त्याच ठिकाणी गंज हवा. मुठीवरची नक्षी आणि मोहनाळीवरची नक्षी एकाच हाताची वाटते का? मुठीवर चांदीची कोफ्तगिरी आणि म्यानावर नव्या पितळेचा पत्रा असेल, तर ही जोडी बाजारात जमलेली आहे.

नंतर बदललेलं म्यान म्हणजे फसवणूकच, असं मात्र नाही. वापरातल्या हत्याराचं म्यान शंभर वर्षांत दोनदा बदलणं स्वाभाविक होतं. लढाईत, पावसात, घोड्यावर ते आधी खराब व्हायचं. गावातल्या चांभाराने बसवलेलं साधं म्यानही त्या वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे. ते फेकून नवं मखमली म्यान चढवणं हीच खरी चूक. आजकाल लग्नासाठी आणि भेटीसाठी मिळणाऱ्या नव्या तलवारींची लाल मखमली म्यानं जुन्या पात्यांवर चढवलेली दिसतात. दिसायला छान, पण वस्तूचा पुरावा गेला.

कागद असला म्हणजे खरं, असं असतं का?

नाही. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्यात प्रदर्शित झाली. या वाघनखांसोबत एक पेटी आहे. ती शिवाजी महाराजांची असून साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला मिळाली, असा मजकूर त्या पेटीवर आहे. म्युझियमची भूमिका मात्र अशी की, अफजलखानाच्या प्रसंगात वापरलेली वाघनखं हीच, हे पडताळता येत नाही. म्हणजे पेटी आहे, मजकूर आहे, मोठ्या माणसाचं नाव आहे, तरीही संग्रहालय ठामपणे हो म्हणत नाही. मग ‘आमच्या पणजोबांना पेशव्यांनी दिली’ या घरगुती गोष्टीचं काय? ती गोष्ट जपाच, पण तारखेसह ‘सांगीव माहिती’ म्हणून लिहून ठेवा.

उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती मिळवली, त्यासाठी वाहतूक आणि विम्यासह सुमारे ४७.१५ लाख रुपये खर्च झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. ही तलवार फिरंग प्रकारची, म्हणजे युरोपी बनावटीच्या पात्याची. ती रघुजींची आहे हे कशावरून? पात्यावर देवनागरीत सोन्याने त्यांचं नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब कोरलेला आहे. सातासमुद्रापार गेलेली वस्तू त्या एका ओळीमुळे ओळखता आली. ती ओळ कुणी घासून काढली असती तर?

मे २०२३ मध्ये लंडनच्याच बोनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानची तलवार सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. अशा बातम्या वाचून आपल्या ट्रंकेतल्या सुऱ्याकडे बघू नका. किंमत पोलादाची नसते, त्यामागच्या सिद्ध झालेल्या माणसाची आणि प्रसंगाची असते. घरात निघालेल्या बहुतेक वस्तूंना बाजारात मोठा भाव मिळत नाही.

हात कसा लावायचा?

आधी एक सुरक्षेची गोष्ट. जुन्या म्यानाची शिवण उसवलेली असते. म्यान मुठीत घट्ट धरून पातं ओढलं, तर धार शिवणीतून बाहेर येऊन बोटं कापू शकते. म्यान पाठीच्या बाजूने धरा, धारेच्या रेषेवर बोट ठेवू नका आणि पातं हळूहळू काढा. अडकलं असेल तर जोर लावू नका, तेल ओतू नका. लाकूड तेल पितं, फुगतं आणि पातं आणखी अडकतं.

पातं बाहेर आलं की ते पुन्हा म्यानात कायमचं ठेवायचं नाही. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. म्यान तर ठेवण्यासाठीच असतं ना? वापरात असताना होय, साठवणीत नाही. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि चामड्याने शोषलेला ओलावा पोलादाला गंज चढवतात, पितळेवर हिरवट थर आणतात. पातं आणि म्यान शेजारी शेजारी, वेगवेगळ्या सुती कापडात ठेवा. दोन्हींना एकच क्रमांक द्या, म्हणजे ताटातूट होणार नाही.

अकोल्याची हवा या वस्तूंना दोन्हीकडून मारते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा म्यानाचं लाकूड आकसतं, सरस सुटतो, चामडं तडकतं. मग पावसाळ्यात दमट हवा त्याच भेगांत शिरते. पत्र्याखालचा माळा ही त्यामुळे सगळ्यात वाईट जागा. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. कुलूप मात्र हवं, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

लाल, सुटणारा गंज असेल तर पात्याला शिलाई मशिनचं तेल लावून एक-दोन दिवस ठेवा आणि मऊ सुती कापडाने पुसा. खोबरेल तेल नको. ते कालांतराने चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. काळपट, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या. तो पात्याचं वय सांगतो आणि पुढच्या गंजापासून थोडंफार वाचवतोही. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, ग्राइंडरचं पॉलिश यांतलं काहीही नको.

आणि खंडेनवमी! शस्त्रपूजेला ओलं हळदीकुंकू पात्यावर लावायची आपली रीत आहे, कुठे पंचामृतही घालतात. ओलावा, आंबटपणा आणि साखर रात्रभर पात्यावर राहिली की दुसऱ्या दिवशी तिथे डाग पडलेला असतो. कित्येक घरच्या तलवारींवर मुठीजवळ दिसणारा खड्ड्यांचा पट्टा असाच आलेला असतो. पूजा बंद करायची गरज नाही. हळदीकुंकू मुठीला लावलेल्या सुती धाग्याला लावा किंवा पात्याखालच्या कापडाला, आणि पूजा झाल्यावर पातं कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा.

पोलीस केस होऊ शकते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि याचं उत्तर एका ओळीत देणाऱ्या व्हॉट्सॲप मेसेजवर विश्वास ठेवू नका.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात बंदुकांसोबत धारदार हत्यारंही येतात. फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणून विळा, कुऱ्हाड, स्वयंपाकघरातला सुरा यांचा प्रश्न येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्यासह ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं नोंदवलेली आहेत. धारदार हत्यार बाळगायला परवाना लागतो की नाही, हे कलम ४ नुसार त्या भागासाठी केंद्र सरकारची अधिसूचना आहे का, यावर ठरतं. अधिसूचित भागात विनापरवाना हत्यार सापडलं तर कलम २५ खाली एक ते तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सवलत आहे. कालबाह्य बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं आणि बंदूक म्हणून वापरता न येणारं हत्यार कायद्यातून वगळलं आहे. पण तुमचा सुरा या व्याख्येत बसतो का, हे रस्त्यावर थांबवणारा पोलीस ठरवू शकत नाही. ते नंतर ठरतं, आणि तोपर्यंतचा मनस्ताप तुमचा असतो.

शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आहेच. सणासुदीला, निवडणुकीत किंवा तणावाच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश लागू होतात, त्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. त्यात सार्वजनिक ठिकाणी तलवारी, भाले, सुरे नेण्यावर बंदी असते. मे २०२३ मध्ये दंगल बघितलेल्या अकोल्यात गाडीच्या डिकीत लांब पातं दिसलं, तर पोलीस ते पुरातन आहे की नवं, हे विचारत बसणार नाहीत. त्यांचीही अडचण समजण्यासारखी आहे. २०२२ मध्ये राज्यात कुरिअरने मागवलेल्या तलवारींची पार्सलं पकडली गेली आणि धुळे जिल्ह्यात एका गाडीत ८९ तलवारी सापडल्या. त्या सगळ्या नव्या होत्या, पण तपासणीत जुनी आणि नवी एकाच नजरेने बघितली जाते.

मग करायचं काय? वस्तू घराबाहेर नेण्याआधी कागद तयार करा. फोटो, मापं, कुणाकडून आली याची माहिती आणि अर्ज. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवान्याच्या शाखेत किंवा आपल्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घ्या. त्याआधी वकिलाशी एकदा बोललात तर उत्तम. सुरा हातात घेऊन ठाण्यात जाऊ नका, फोटो घेऊन जा. आणि तो सुरा हातात धरून स्टेटस, रील तर अजिबात नको. जुन्या हत्याराच्या प्रकरणात नवा गुन्हा नोंदवायला एवढं कारण पुरतं.

विकता येतं का?

इथे दोन वेगळे कायदे लागतात.

पहिला १९७२ चा पुरावशेष कायदा, जो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाची वस्तू पुरावशेष ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. नियम मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. पुण्याला भाच्याकडे पाठवणं आणि अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवणं यात एवढा मोठा फरक आहे. मुलगा सुट्टीवर आला आणि ‘आजोबांची आठवण’ म्हणून कट्यार बॅगेत घालून निघाला, तर विमानतळावर आठवण वेगळीच तयार होईल.

दुसरा वन्यजीव कायदा. शिकारी सुऱ्यांच्या मुठी अनेकदा सांबरशिंगाच्या असतात, काही जुन्या कट्यारींवर हस्तिदंत असतं. मूठ कुणाच्या शिंगाची हे कळण्याआधी विक्रीची जाहिरात टाकली, तर प्रश्न शस्त्राचा राहत नाही, वन विभागाचा होतो. अशा वस्तू वारसाने येणं वेगळं आणि विकणं वेगळं. शिकारीच्या घरांतून निघालेल्या वस्तूंमध्ये ही अडचण सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असते.

घराचा पाया खोदताना जमिनीत काही सापडलं तर तिसराच कायदा, १८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. रक्कम तेव्हाची आहे, कायदा अजून आहे.

विकत घेणाऱ्यांसाठीही थोडं. ऑनलाइन ‘अँटिक’ म्हणून येणारी बरीच हत्यारं हस्तकला बाजारातली नवी असतात. ॲसिडने आणलेला गंज सगळीकडे सारखा आणि नारिंगी असतो. खरा जुना गंज काळपट, कुठे खोल, कुठे नुसता डाग. नव्या खिळ्यांची डोकी एकसारखी गोल असतात. पात्यावर ‘इंग्लंड’ असा शिक्का असेल तर लक्षात ठेवा, १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानंतर मालावर देशाचं नाव टाकण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. म्हणजे ‘१८५० चा सुरा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पात्यावर तो शिक्का दिसला तर विक्रेत्याला प्रश्न विचारा.

ठेवायचं नसेल तर?

भंगारवाला वजनावर घेतो आणि पातं वितळतं. त्याऐवजी संग्रहालयाशी बोला. वऱ्हाडाला जवळचं म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला ‘अजब बंगला’, १८६३ पासूनचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची गोष्ट तर माळा आवरणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. गावोगाव फिरून लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं, हत्यारं त्यांनी गोळा केली आणि सुमारे वीस हजार वस्तूंपर्यंत पोहोचलेला हा संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारला देऊन टाकला. त्यातल्या कितीतरी वस्तू मूळ मालकांच्या लेखी अडगळच होत्या.

संग्रहालय प्रत्येक वस्तू घेईलच असं नाही. त्यांच्याकडेही जागेची आणि माणसांची टंचाई असते. पण फोटो आणि माहिती नीट असेल तर निदान वस्तू काय आहे हे कळू शकतं.

फोटोंचं तंत्र सोपं आहे. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद, पांढऱ्या चादरीवर. पूर्ण वस्तू म्यानासह, मग म्यानाबाहेर, दोन्ही बाजूंनी. मुठीचा, शिक्क्याचा, म्यानाच्या तोंडाचा, टोकाचा आणि मागच्या शिवणीचा जवळून फोटो. प्रत्येक फोटोत शेजारी शाळेची पट्टी ठेवा, म्हणजे माप वेगळं सांगावं लागत नाही. पात्याची लांबी, सगळ्यात रुंद जागेची रुंदी, पाठीची जाडी आणि वजन एका कागदावर लिहा. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला त्या वस्तूबद्दल बोलतं करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. आजींना हत्याराचा प्रकार सांगता येणार नाही, पण ‘हे तुझ्या आजोबांच्या मामांचं, ते चिखलदऱ्याला साहेबांकडे होते’ एवढं एक वाक्य पुढच्या शोधाला पुरतं.

ट्रंकही लगेच देऊन टाकू नका. म्यानाच्या टोकाची छोटी पितळी टोपी, कुकरीची चिमुकली पाती, मोहनाळीची पट्टी हे सुटे भाग बहुतेक वेळा रजयांच्या घड्यांत किंवा ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली पडलेले असतात. तो कागद काढून ट्रंक एकदा चादरीवर उलटी करून बघा.